डोळ्याच्या झरोक्यातून

माणसाच्या डोळ्याकडे निरखून पाहिले तर मध्यभागी एक लहानसे काळे वर्तुळ दिसते. त्याला आपण बाहुली म्हणतो. वस्तुतः ही बाहुली म्हणजे एक छिद्र आहे आणि बाहेरचा उजेड त्यातूनच डोळ्यात शिरतो. मग उजेड आत जात असताना आतला भाग आपल्याला दिसत का नाही? कारण असे की, आत गेलेला उजेड आतल्या पडद्यावरून परततो तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने, म्हणजे दिव्याकडे. तो पाहावयाचा तर पाहणाऱ्याने आपला डोळा दिवा आणि रोगी यांच्या मधोमध आणला पाहिजे. पण तसे करताच त्याच्या स्वतःच्या डोक्याची आड येऊन उजेडच बंद होतो. या एका अडचणीमुळे हजारो वर्षे जिवंत माणसाच्या डोळ्याचे अंतरंग कोणाही वैद्याला पाहता आले नव्हते. पुष्कळ रोग्यांचे डोळे वरून अगदी स्वच्छ दिसत, परंतु त्यांना डोळ्यांपुढचा दिवाही दिसत नसे. अशा अंधत्वाविषयी युरोपातील वैद्य थट्टेने म्हणत की, या रोगात रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही. थट्टा खरी होती. पण ज्याची दृष्टी गेली त्याला तिचे हसू येण्याचे कारण नव्हते.

हे कोडे १८५० साली सुटले. क्योनिग्सबर्ग येथील विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारा हेर्मान हेल्महोल्ट्झ हा प्राध्यापक विद्यार्थ्यांना डोळ्याचे कार्य कसे समजावून सांगावे याचा विचार करीत होता. त्याने एक काच तिरपी धरली. दिव्याचा उजेड तिच्यावरून परावर्तित होऊन समोरच्या माणसाच्या डोळ्यात शिरला आणि त्याच काचेतून आरपार पाहताच हेल्महोल्ट्झला त्या डोळ्याचा आतला भाग दिसू लागला. काळ्या बाहुलीच्या जागी तांबूस रंगाचा पडदा, त्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारा दृष्टिमज्जातंतू जेथून निघतो ती फिकट, वाटोळी चकती. १८५१ साली त्याने या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. परंतु हेल्महोल्ट्झ हा शास्त्रज्ञ होता. रोगी तपासणे हा त्याचा व्यवसाय नव्हता. हे नेत्रदर्शक उपकरण हाती घेऊन रोग्यांच्या रांगेसमोर दिवसच्या दिवस उभा राहील, असा माणूस आता हवा होता. तो बर्लिन शहरात होता. त्याचे नाव आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे आणि त्या वेळी त्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

ग्रेफेचा जन्म २२ मे १८२८ रोजी बर्लिन येथे झाला. घरी कशाचीही उणीव नव्हती. त्याचे वडील कार्ल फर्डिनंड फॉन ग्रेफे हे प्रशियाच्या राज्यातील अग्रगण्य शस्त्रवैद्य आणि बर्लिन विद्यापीठातील प्राध्यापक होते. आल्ब्रेख्ट बारा वर्षांचा असताना एक दुःखद घटना घडली. हॅनोव्हरच्या अंध युवराजाच्या डोळ्यांवर उपचार करण्यासाठी वडिलांना तिकडे बोलावणे आले. ते हॅनोव्हरला गेले, आणि तेथेच आजारी पडून १८४० च्या जुलै महिन्यात त्यांचा अंत झाला. युवराज अंधच राहिला आणि पुढे तसाच राज्यावर बसला. या प्रसंगाचा मुलाच्या मनावर काय परिणाम झाला हे सांगणे कठीण. मात्र वडिलांच्या हातून जे काम व्हावयाचे राहिले, त्याच कामाला मुलाने पुढे आपले आयुष्य वाहिले एवढे खरे.

आल्ब्रेख्टची बुद्धी तीक्ष्ण होती. गणितात त्याला विशेष गोडी होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८४७ साली, तो बर्लिन विद्यापीठाचा डॉक्टर झाला. त्यानंतर, त्या काळच्या रीतीप्रमाणे, अधिक ज्ञान मिळवण्यासाठी तो प्रवासाला निघाला. प्राग येथे त्याला फर्डिनंड आर्ल्ट हे गुरू लाभले. आर्ल्ट हे नेत्ररोगांचे मोठे जाणकार होते. त्यांच्या सहवासात ग्रेफेने आपल्या आयुष्याची दिशा ठरवली. नंतर पॅरिसमध्ये देमार, व्हिएन्नामध्ये येगर पितापुत्र आणि लंडनमध्ये बोमन अशा नामांकित नेत्रवैद्यांचे काम त्याने जवळून पाहिले. १८५१ साली लंडनमध्येच त्याची फ्रान्स डोन्डर्स या डच शास्त्रज्ञाशी गाठ पडली. दोघांची मने जुळली आणि ही मैत्री जन्मभर टिकली.

बर्लिनला परत आल्यावर ग्रेफेने नेत्रदर्शक मिळवले. त्यातून प्रथम पाहिल्यावर त्याला झालेला आनंद शब्दांत मावेना; आजवर बंद असलेल्या एका नव्या जगाचे दार हेल्महोल्ट्झने उघडून दिले, असे तो आपल्या सोबत्यांना सांगू लागला. सर्वांनाच असे वाटले नाही. काही प्रतिष्ठित शस्त्रवैद्यांच्या मते आजारी डोळ्यात एवढा प्रखर उजेड सोडणे घातक होते. दुसरे काही म्हणत की, ज्या वैद्याची नजर अधू असेल त्याने हे उपकरण वापरावे, आम्हाला त्याची गरज नाही. नव्या साधनाचे स्वागत जाणते लोकही कित्येकदा असेच करतात. ग्रेफे वादात शिरला नाही. त्याने १८५१ मध्ये भाड्याच्या लहानशा जागेत डोळ्यांचा दवाखाना उघडला आणि कामाला सुरुवात केली.

त्या काळी नेत्ररोग हा स्वतंत्र विषय मानला जात नसे. हाडे बसवणारा व गळवे कापणारा शस्त्रवैद्यच डोळ्यांवरही हात चालवी. ग्रेफेच्या दवाखान्यात मात्र फक्त डोळेच पाहिले जात. गरिबांना तेथे औषधोपचार विनामूल्य मिळत; ऐपत असलेल्यांनी शुल्क द्यावे, एवढाच नियम होता. हा हा म्हणता त्याची कीर्ती पसरली. बर्लिनमधले मजूर, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, दूरदेशचे सरदार हे सारे एकाच दारात येऊन थांबू लागले. त्यांच्यामागून युरोपभरचे आणि अमेरिकेतलेही तरुण डॉक्टर शिकण्यासाठी येऊ लागले. जागा अपुरी पडली आणि दवाखान्याचे रुग्णालय झाले. १८५४ साली ग्रेफेने केवळ नेत्ररोगांना वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. पहिल्या खंडातील बहुतेक मजकूर त्याने एकट्याने लिहिला होता. लवकरच आर्ल्ट हे गुरू आणि डोन्डर्स हा मित्र संपादनात त्याच्यासोबत आले. हे नियतकालिक आजही ग्रेफेच्या नावाने प्रसिद्ध होत असते.

याच सुमारास त्याच्या हातून एक चूक झाली. काचबिंदू नावाचा डोळ्यांचा एक दारुण रोग आहे. त्यात डोळ्याच्या आतला दाब वाढतो, बुबुळ दगडासारखे टणक होते आणि दृष्टी कायमची नष्ट होते. अशा डोळ्यांत पाहताना दृष्टिमज्जातंतूची चकती बदललेली आहे हे ग्रेफेने ओळखले, परंतु ती फुगून वर आली आहे असे त्याला वाटले आणि तसे त्याने लिहिलेही. एका डोळ्याने आणि एका भिंगातून पाहताना खोलगट जागा कित्येकदा उंचवट्यासारखी भासते. त्याचा सहकारी आडोल्फ वेबर याने ही गफलत दाखवून दिली: काचबिंदूत चकती फुगत नाही, उलट दाबामुळे ती आत खचते. ग्रेफेने पुन्हा तपासणी केली आणि आपली चूक आपल्याच नियतकालिकात जाहीरपणे दुरुस्त केली. त्यात त्याचे तोटा काहीच झाला नाही. खळगा आणि फुगवटा यांतला भेद त्याच्या नजरेत इतका पक्का बसला की, पुढे त्याच्या सर्वांत मोठ्या शोधाच्या वेळी ही शिकवण त्याच्या कामी आली.

काचबिंदूचा दोष वाढत्या दाबात आहे हे स्पष्ट झाल्यावर दाब उतरवण्याचा उपाय त्याने शोधण्यास घेतला. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा लहानसा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया इतर काही रोगांत करण्यात येत असे. तीनंतर डोळा मऊ पडतो असे त्याच्या लक्षात आले होते. तीच शस्त्रक्रिया त्याने काचबिंदूवर करून पाहिली. वेदनेने कासावीस झालेल्या आणि अंधत्वाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या रोग्यांची दृष्टी वाचली. १८५७ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या नेत्रवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने हे अनुभव मांडले. आजवर असाध्य गणल्या गेलेल्या रोगावर एका एकोणतीस वर्षांच्या तरुणाने उपाय सांगितला होता. सर्वच प्रकारच्या काचबिंदूला तो लागू पडत नाही हेही अनुभवाने कळून आले आणि ग्रेफेने ते लपवले नाही. मोतीबिंदू काढण्याच्या पद्धतीतही त्याने मोठी सुधारणा केली. त्याने योजलेल्या अरुंद पात्याच्या सुरीने जखम लहान होई व ती लवकर भरून येई. डोळा बधिर करणारे औषध १८८४ पर्यंत उपलब्ध नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या हाताचे चापल्य किती असेल याची कल्पना येते.

परंतु ग्रेफेचे मन केवळ शस्त्रक्रियेत रमणारे नव्हते. नेत्रदर्शकातून दिसणारी ती फिकट चकती त्याला स्वस्थ बसू देत नव्हती. विचार केला तर ती चकती ही एक विलक्षण जागा आहे. मेंदू कवटीत बंदिस्त असतो. जिवंत माणसाचा मेंदू डोळ्यांनी पाहण्याचा कोणताही मार्ग त्या काळी नव्हता. परंतु दृष्टिमज्जातंतू हा मेंदूपासूनच निघालेला असतो, आणि त्याचे टोक तेवढे बाहुलीच्या झरोक्यातून दिसते. शरीराला कोठेही छेद न देता मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या उघड्या पाहता येतील अशी ही एवढी एकच जागा आहे.

ग्रेफेकडे काही रोगी असे येत की, त्यांची दृष्टी दिवसेंदिवस मंद होत असे आणि त्याबरोबरच त्यांना असह्य डोकेदुखी व उलट्या यांचा त्रास होई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पाहिल्यावर ग्रेफेला चकती सुजलेली दिसली. तिच्या कडा पुसट झालेल्या, शिरा फुगून नागमोडी झालेल्या. या वेळी तो भास नव्हता. फुगवटा खरा होता. यांतले काही रोगी दगावले. त्यांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन केले तेव्हा मेंदूत गाठी आढळल्या. डोळ्यांचा म्हणून आलेला रोग मुळात डोळ्यांचा नव्हताच. कवटीच्या आत गाठ वाढत होती, तिने दाब निर्माण केला होता आणि त्या दाबाची खूण डोळ्यातल्या चकतीवर उमटली होती. १८६० साली ग्रेफेने हा शोध प्रसिद्ध केला. वाढलेल्या दाबामुळे डोळ्यातून परतणारे रक्त अडते व म्हणून सूज येते, अशी त्याने मीमांसा केली होती. पुढे १८६९ मध्ये श्वाल्बे या शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवले की, मेंदूभोवतीची पोकळी दृष्टिमज्जातंतूच्या आवरणातही पुढे गेलेली असते. तेव्हा दाब त्या वाटेने थेट चकतीपर्यंत पोहोचतो असे ठरून ग्रेफेच्या मीमांसेत दुरुस्ती झाली. त्याने पाहिलेली खूण मात्र अचूक होती.

त्या रोग्यांना वाचवणे मात्र त्याच्या हाती नव्हते. मेंदूतली गाठ शस्त्रक्रियेने काढण्याचे धाडस तेव्हा कोणी करीत नसे. डोळ्यात पाहावे, आत मृत्यूची चाहूल ओळखावी आणि रोग्याच्या आप्तांना ती सांगावी, एवढेच त्याला करता येई. नुसत्या रोगाच्या लक्षणांवरून मेंदूतल्या गाठीची जागा निश्चित करून ती काढण्याची शस्त्रक्रिया लंडनमध्ये रिकमन गॉडली याने केली ती १८८४ साली. तोपर्यंत ग्रेफेला जाऊन चौदा वर्षे लोटली होती.

डोळ्यावरून शरीराचा ठाव घेण्याची ही दृष्टी त्याच्या सर्वच कामात दिसते. एका रोग्याची एका डोळ्याची दृष्टी क्षणार्धात गेली. ग्रेफेने आत पाहिले तो पडदा पांढुरका पडलेला आणि रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या. रोग्याच्या हृदयात विकार होता. तेथून निघालेला एक कण रक्तप्रवाहाबरोबर वाहत येऊन डोळ्याच्या मुख्य धमनीत अडकला असावा, असे निदान त्याने १८५९ साली केले. पुढे तो रोगी मरण पावल्यावर डोळा तपासण्यात आला, तेव्हा ते निदान खरे ठरले. रोग्याला एका फलकावरील मध्यबिंदूकडे टक लावावयास सांगून त्याला भोवतालचे कोठवर दिसते हे तो मोजी. दृष्टिक्षेत्राचा कोणता भाग हरपला आहे यावरून बिघाड डोळ्यात आहे, मज्जातंतूत आहे की मेंदूत आहे, याचा तर्क करता येतो. आज ही तपासणी सर्वत्र करतात. रुग्णांच्या नित्याच्या तपासणीत तिला स्थान मिळवून दिले ते ग्रेफेने. डोळा फिरवणारे सहा स्नायू आणि त्यांना चालवणारे तीन मज्जातंतू यांचाही त्याने कसून अभ्यास केला. एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या तर त्या कोणत्या दिशेला पाहताना अधिक दूर सरतात, हे विचारून कोणता मज्जातंतू लुळा पडला आहे हे तो सांगू शके. या विषयावरचे त्याचे पुस्तक १८६७ साली प्रसिद्ध झाले. गळ्यातील ग्रंथीच्या एका रोगात मनुष्य खाली पाहू लागला तरी वरची पापणी डोळ्याबरोबर खाली येत नाही, मागे रेंगाळते. ही खूण त्यानेच १८६४ मध्ये दाखवली आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

ग्रेफेची शिकवण त्याच्या शिष्यांनी पुढे चालवली. झ्युरिकचा योहान फ्रीडरिख हॉर्नर हा त्यांपैकी एक. बाहुली लहान होणे आणि पापणी किंचित ढळणे या दोन साध्या गोष्टींमागे मानेतून जाणाऱ्या मज्जातंतूचा बिघाड असतो, हे हॉर्नरने १८६९ साली दाखवले. टेओडोर लेबर हा दुसरा. काही कुटुंबांतील तरुणांची दृष्टी पिढ्यान्‌पिढ्या एकाएकी का जाते, याचे वर्णन त्याने १८७१ मध्ये केले. डोळा आणि मेंदू यांच्या संबंधाचा विचार करणारी वैद्यकाची ही शाखा पुढे न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी या नावाने स्वतंत्र झाली. अमेरिकेत बाल्टिमोर येथील फ्रँक वॉल्श या डॉक्टरने १९४७ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आता मेंदूची प्रतिमा घेणारी यंत्रे आली आहेत. तरीही डोकेदुखीची तक्रार घेऊन कोणी आला, तर डॉक्टर त्याच्या डोळ्यात उजेड सोडून ती चकती पाहतातच.

सरकारदरबारी ग्रेफेचा मान मात्र सावकाश झाला. जगभरचे डॉक्टर ज्याच्याकडे शिकण्यासाठी येत, त्याला विद्यापीठाने पूर्ण प्राध्यापकपद दिले ते १८६६ साली, आणि शारिटे या बर्लिनच्या थोर रुग्णालयातील नेत्रविभाग त्याच्या हाती आला तो १८६८ मध्ये. तोवर त्याची प्रकृती ढासळली होती. १८६१ साली त्याच्या फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन तो मरता मरता वाचला होता. त्यातून क्षयाने त्याला ग्रासले. १८६२ मध्ये आना या डॅनिश सरदारकन्येशी त्याचा विवाह झाला. संसार सुखाचा होता, पण त्यावर आजाराची छाया सतत असे. मित्रांनी विश्रांती घेण्याबद्दल आर्जवे केली. तो मधूनमधून हवापालटासाठी जाई आणि परतला की पुन्हा पहिल्याइतकेच काम अंगावर घेई. स्वतःच्या छातीत काय चालले आहे, हे इतक्या निष्णात डॉक्टराला कळत नव्हते असे नाही.

१८७० च्या जुलै महिन्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. १९ जुलै रोजी युद्धाची घोषणा झाली आणि बर्लिनचे रस्ते सैनिकांनी आणि जयघोषांनी दुमदुमून गेले. दुसऱ्याच दिवशी, २० जुलै रोजी, त्याच शहरात ग्रेफेने शेवटचा श्वास घेतला. त्या वेळी त्याचे वय बेचाळीस वर्षांचे होते. त्याच्यामागून दोनच वर्षांनी त्याच्या पत्नीचाही अंत झाला.

शारिटे रुग्णालयाच्या आवाराच्या कोपऱ्यावर, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना सहज दिसेल असे ग्रेफेचे स्मारक १८८२ साली उभारण्यात आले. मध्यभागी त्याचा उभा पुतळा आहे आणि त्याच्या हातात नेत्रदर्शक आहे. दोन्ही बाजूंना उठावाची चित्रे आहेत. एका बाजूला डोळ्यांना हात लावून, दुसऱ्याच्या आधाराने चाचपडत येणारे रोगी आहेत, आणि दुसऱ्या बाजूला तीच माणसे आपल्या डोळ्यांनी वाट पाहत परत निघालेली आहेत.